नाशिकमध्ये डॉक्टरांच्या निष्काळजीपणाविरुद्ध केस करायची आहे, वकिलाची फी परवडत नाही. मोफत वकील मिळतो का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. आईच्या पित्ताशयात खडे होते म्हणून नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवसापासून पोट फुगायला लागलं. "गॅस आहे, उतरेल" म्हणत तिथे दिवस काढले. डोळे पिवळे दिसायला लागल्यावर तुम्ही आईंना दुसरीकडे हलवलं, तेव्हा कळलं की पित्तनलिकेला इजा झाली आहे. पुन्हा मोठं ऑपरेशन झालं, दागिने मोडले, कर्ज झालं. तुम्ही अंबडला कंपनीत कंत्राटावर आहात. ज्या वकिलांकडे गेलात त्यांनी सांगितलेली फी तुमच्या आवाक्याबाहेरची आहे. मोफत वकील मिळतो का, आणि मिळालाच तर तो मनापासून केस लढतो का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

मिळतो. पण अर्ज तुमच्या नावाने करू नका, आईंच्या नावाने करा. बरेच जण इथेच अडकतात, म्हणून हे आधी सांगते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळेल त्याची यादी आहे, आणि त्यात स्त्रिया आणि मुलं सरसकट आहेत. बाईचं उत्पन्न किती, मुलगा कमावता आहे का, घर स्वतःचं आहे का, यातलं काहीच बघायचं नसतं. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांनाही उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपये उत्पन्नाची मर्यादा आहे. मुलगाच सगळी धावपळ करतो, म्हणून अर्जही तोच स्वतःच्या नावाने भरतो, आणि मग उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात खेटे सुरू होतात. ऑपरेशन आईंचं झालंय, नुकसान त्यांचं झालंय, तेव्हा तक्रारदारही त्याच. त्यांचं आधार कार्ड, त्यांची सही, बस्स. त्यांना चालवत नसेल तर कागद घेऊन तुम्ही जा, पण नाव त्यांचंच राहू द्या.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे मी हे कुठून बोलतेय ते कळेल. मी आधी एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात नोकरी केली, आता विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. पेशंटची फाइल कशी तयार होते आणि पुढे ती वकिलाच्या टेबलावर कशी वाचली जाते, ही दोन्ही टोकं मी जवळून पाहिली आहेत. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं माझं उत्तर असं आहे की, मोफत वकील किती ताकदीने लढेल हे निम्मं त्याच्यावर असतं आणि निम्मं तुम्ही त्याच्या हातात काय देता त्यावर. रिकाम्या हाताने गेलात तर नावाजलेला वकीलही काही करू शकत नाही.

म्हणून वकिलाच्या आधी फाइल. ही गोष्ट आजच हातात घ्या.

पहिल्या हॉस्पिटलने तुम्हाला बहुधा डिस्चार्ज कार्ड आणि बिलं एवढंच दिलं असेल. डिस्चार्ज कार्ड म्हणजे डॉक्टरांनी शेवटी लिहिलेला गोषवारा. खरी गोष्ट आतल्या केसपेपरमध्ये असते. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत रेकॉर्ड द्यावं लागतं, आणि भरती झालेल्या पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. तोंडी मागू नका. तोंडी मागितलं की "रेकॉर्डवाले सुट्टीवर आहेत", "सरांची सही लागेल", "सोमवारी या" हे ठरलेलं आहे. आईंच्या सहीचा साधा अर्ज दोन प्रतींत करा, एक त्यांना द्या आणि दुसरीवर तारीख, सही, शिक्का घेऊन पोच घ्या. पोच द्यायला कां-कूं केली तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. पुढे कधी "मागितलंच नव्हतं" म्हणाले तर ही पावती कामी येते. झेरॉक्सचा खर्च मागतील, तो द्या. मूळ फाइल मागू नका, ती हॉस्पिटलकडेच राहते. खरी प्रत असा शिक्का मारून घ्या.

अर्जात नुसतं "सर्व कागदपत्रे" लिहिलं की निम्मं येतं, म्हणून एकेका कागदाचं नाव घाला. संमतीपत्र, भूलतज्ज्ञांची नोंद, ऑपरेशन नोट, डॉक्टरांच्या रोजच्या राउंडच्या नोंदी, नर्सिंग नोट्स, ताप-नाडी-बीपीचा तक्ता, इनटेक-आउटपुट चार्ट, सगळे लॅब आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट. दुर्बिणीच्या ऑपरेशनचं रेकॉर्डिंग पुष्कळदा केलेलं असतं. तेही लेखी मागा, आणि नसेल तर "नाही" असं लेखी द्यायला सांगा.

इनटेक-आउटपुट चार्टवर मी जोर का देतेय ते सांगते. अशा ऑपरेशननंतर पोटात नळी ठेवली असेल तर तिच्या पिशवीत किती आणि कोणत्या रंगाचं पाणी जमा झालं हे नर्सने दर पाळीला लिहायचं असतं. पित्त गळत असेल तर ते तिथे येतं. "हिरवट-पिवळं, ३०० मिली" अशी ओळ दुसऱ्या दिवशी लिहिलेली असेल आणि डॉक्टरांच्या नोटमध्ये त्याच दिवशी "पेशंट ठीक" असेल, तर तुमच्या केसचा गाभा त्या दोन ओळींमध्ये आहे. मागे निफाड तालुक्यातलं एक कुटुंब आलं होतं. केस वेगळी होती, बाळंतपणाची. पिशवीत औषधांच्या चिठ्ठ्या रबर लावून नीट ठेवलेल्या, बिलं तारखेने लावलेली, पण केसपेपरचं एकही पान नाही. लेखी अर्ज केल्यावर पानं आली. नर्सिंग नोट्समध्ये रात्री अडीच वाजता १०३ ताप आणि "डॉक्टरांना फोनवर कळवले" अशी नोंद होती, आणि डॉक्टरांची पुढची नोंद सकाळी साडेनऊची. रात्रपाळीच्या त्या सिस्टरने इमानदारीने वेळ टाकली होती. वकिलांनी सगळी फाइल चाळून पहिली खूण त्याच पानावर केली.

संमतीपत्रावर सही कुणाची आहे हेही बघा. आपल्याकडे पेशंट शुद्धीत, बोलता-चालता असतो आणि फॉर्मवर सही मुलाची किंवा नवऱ्याची घेतात. समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या पेशंटची संमती त्याचीच घ्यावी लागते, आणि तीही धोके, पर्याय समजावून सांगून. फॉर्म इंग्रजीत असेल आणि आईंना वाचता येत नसेल तर ते टिपून ठेवा.

दुसऱ्या हॉस्पिटलची फाइलही पूर्ण घ्या. ज्या सर्जनने दुसरं ऑपरेशन केलं त्यांनी आत काय दिसलं ते लिहिलेलं असणार. त्यांना "पहिल्या डॉक्टरची चूक आहे असं लिहून द्या" असं म्हणू नका, ते अवघडतात आणि मग काहीच लिहून देत नाहीत. जे दिसलं ते सविस्तर लिहा, एवढीच विनंती करा.

आता तुम्हाला कदाचित आवडणार नाही अशी गोष्ट. पित्तनलिकेला इजा होणं हा या ऑपरेशनचा माहीत असलेला धोका आहे, चांगल्या सर्जनच्या हातूनही ती होऊ शकते. समोरचा वकील पहिल्याच दिवशी हेच म्हणेल, आणि नुसती इजा झाली एवढ्यावर कोर्ट निष्काळजीपणा धरत नाही. तुमची केस उभी राहायची असेल तर ती पुढच्या दिवसांवर: पोट फुगत असताना सोनोग्राफी का केली नाही, कावीळ दिसेपर्यंत का थांबले, मोठ्या हॉस्पिटलला वेळेवर का पाठवलं नाही. तक्रार लिहिताना रागाच्या भरात सगळंच लिहिलं जातं, अगदी बिलात जास्त लावलेल्या हातमोज्यांपर्यंत. ते बाजूला ठेवा. तारीखवार टिपण तयार करा. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाला काय सांगितलं, काय उत्तर मिळालं. तुमच्या फोनमधले कॉल, व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवलेले निरोप बघा, वेळा तिथे सापडतील.

एवढं हातात आलं, किंवा रेकॉर्डच्या अर्जाची पोच जरी हातात आली, की सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जा. मोफत वकील नेमून देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय तिथेच आहे. प्रधान जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात आणि रोजचं काम बघणारे सचिवही न्यायाधीशच असतात, हे यासाठी सांगते की तिथे जायला बिचकू नये. तालुक्याला राहणाऱ्यांनी आपल्या तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज दिला तरी चालतो. १५१०० हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे, आणि ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे. पण वैद्यकीय केसमध्ये कागद दाखवत बोलावं लागतं, म्हणून मी प्रत्यक्ष जायचा सल्ला देते. अर्ज साध्या कागदावर चालतो, मराठीत चालतो. त्यावर सात दिवसांच्या आत निर्णय द्यायचा असा नियम आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, अध्यक्षांकडे अपील करता येतं.

काही जण तिथे जाऊन "ग्राहक आयोगाच्या केसला इथून वकील देत नाहीत" असं ऐकून परत येतात. कायद्यातली "न्यायालय" या शब्दाची व्याख्या दिवाणी-फौजदारी कोर्टापुरती नाही. निवाडा करणारं कोणतंही न्यायाधिकरण किंवा प्राधिकरण त्यात येतं, म्हणजे जिल्हा ग्राहक आयोगही आला. काउंटरवर कुणी असं म्हणालं तर वाद घालू नका, सचिवांना भेटायचं आहे असं सांगा.

आणि तुमची केस ग्राहक आयोगातच जायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच व्ही. पी. शांता खटल्यात ठरवलं, आणि २०१९ चा नवा कायदा आल्यावरही ते कायम आहे. बिल विमा कंपनीने किंवा मालकाने भरलं असलं तरी पेशंट ग्राहकच राहतो, म्हणून योजनेतून किंवा मेडिक्लेममधून ऑपरेशन झालं तर केसच होत नाही असं कुणाचं ऐकून घरी बसू नका. हॉस्पिटलला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी शून्य. दिलेली रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर तक्रार जिल्हा आयोगातच चालते, आणि हॉस्पिटल मुंबईचं असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. वकील लावलाच पाहिजे अशीही सक्ती नाही, पण वैद्यकीय केस एकट्याने चालवा असं मी कुणालाच सांगणार नाही.

मुदत दोन वर्षांची आहे. हे नीट लक्षात घ्या: प्राधिकरणात अर्ज दिला म्हणून ही मुदत थांबत नाही, मेडिकल कौन्सिलला तक्रार केली म्हणूनही थांबत नाही. सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण ते त्यांच्या मर्जीवर. तुम्ही ऑपरेशनची तारीख लिहिलेली नाही. वर्ष उलटून गेलं असेल तर प्राधिकरणाच्या अर्जातच मोठ्या अक्षरात मुदत कधी संपते ते लिहा.

आता तो मनापासून लढतो का. खरं सांगायचं तर पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या वकिलांना प्राधिकरण जी फी देतं ती बाहेरच्या फीच्या मानाने फार कमी असते. तरीही जीव ओतून काम करणारे वकील मी पाहिले आहेत, त्यात तरुण जास्त. आणि तारखांवर तारखा घेणारेही पाहिले आहेत. तुमच्या हातात काही गोष्टी आहेत. पॅनेलवरचा कुणी वकील ग्राहक आयोगात काम करणारा आहे असं कळलं तर अर्जात तशी पसंती लिहा, मान्य करणं सचिवांच्या हातात असलं तरी विचार होतो. वकील मिळाल्यावर त्यांना तुमचं तारखांचं टिपण आणि पानांना क्रमांक दिलेली फाइल द्या. पानांवर क्रमांक टाकणं किरकोळ वाटतं, पण दहा फाइली सांभाळणारा वकील अशी फाइल आधी उघडतो. वकिलाने तुमच्याकडे एक रुपयाही मागायचा नसतो. कोर्ट फी, टायपिंग, नकला, भाषांतर हा खर्चही विधी सेवेतच धरलेला आहे. कुणी पैसे मागितले, किंवा वकील फोनच उचलत नसेल, तर सचिवांकडे लेखी तक्रार करा आणि वकील बदलून मागा. त्यात भीडभाड ठेवू नका, हा तुमचा हक्क आहे.

या सगळ्या व्यवस्थेत मला खरी खटकणारी उणीव वेगळीच आहे. वकील मिळतो, पण तुमच्या बाजूने मत देणारा डॉक्टर मिळवून द्यायची सोय तिथे नाही. वैद्यकीय केस शेवटी तज्ज्ञाच्या मतावर झुकते, आणि गावातल्या डॉक्टरविरुद्ध गावातलाच डॉक्टर लिहून देईल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. गरीब पेशंटची केस इथे लंगडी पडते, आणि हे बदलायला हवं. तोवर दोन मार्ग आहेत. आयोगाने सरकारी तज्ज्ञांचं मत मागवावं असा अर्ज तुमचे वकील देऊ शकतात. आणि सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये व्ही. किशन राव खटल्यात म्हटलं आहे की प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, चूक उघड दिसत असेल तर कागद पुरेसे. सर्जरीच्या प्रमाण पुस्तकांतली संबंधित पानंही जोडता येतात. ऑपरेशननंतर पोट फुगलं, नळीतून पित्त आलं तर काय करायचं हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

याच प्राधिकरणाच्या कायद्यात स्थायी लोक अदालत नावाचा आणखी एक मार्ग आहे. हॉस्पिटल आणि दवाखान्याची सेवा लोकोपयोगी सेवांच्या यादीत आहे. कोर्टात जाण्याआधी तिथे अर्ज करता येतो, तडजोड झाली नाही तर तीच अदालत निवाडाही देते, आणि त्यावर अपील नाही. पैसे परत मिळण्यापुरता किंवा बिलाचा वाद असेल तर हा मार्ग छान आहे. तुमच्यासारख्या, पुरावा आणि उलटतपासणी लागणाऱ्या केसमध्ये अपीलाचं दार बंद करून घेऊ नये असं मला वाटतं.

पोलिसांत जावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. जेकब मॅथ्यू खटल्यानंतर, म्हणजे २००५ पासून, डॉक्टरवर फौजदारी कारवाई करायला निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो आणि पोलिसांना आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. तुमच्या केसमध्ये त्यातून भरपाई मिळणार नाही आणि वेळ जाईल. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार मात्र जरूर करा. तिथे पैसे मिळत नाहीत, पण नोंदणी निलंबित करण्याचा अधिकार त्यांना आहे. आणि नातेवाइकांपैकी कुणी हॉस्पिटलात जाऊन राडा करण्याच्या गोष्टी करत असेल तर त्याला आवरा. २०१० च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे तो अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि तुमची चांगली केस त्यात मातीत जाईल.

हे वाचणाऱ्यांत कुणाचा पेशंट सरकारी दवाखान्यात होता असेल तर त्यांच्यासाठी: जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार असतात तिथली केस ग्राहक आयोगात चालत नाही, दिवाणी कोर्टात दावा करावा लागतो. तिथेही विधी सेवेचा वकील मिळतो आणि कागद माहितीच्या अधिकारात मागता येतात. औरंगाबादच्या सरकारी हॉस्पिटलात १९६३ मध्ये कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या वेळी एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. त्यांच्या घरच्यांच्या बाजूने सुप्रीम कोर्टाचा निकाल १९९६ मध्ये लागला. अच्युतराव खोडवा खटला म्हणून तो आजही वकील दाखवतात, सरकार जबाबदारी झटकू शकत नाही यासाठी.

एक शेवटचं, कारण हे तुमच्या बाबतीत लवकरच होईल. रेकॉर्डचा लेखी अर्ज गेला की हॉस्पिटलमधून फोन येतो. "बसून बोलू, ऑपरेशनचे पैसे परत करतो." बोलायला जरूर जा, मिटत असेल तर चांगलंच आहे. पण पैसे देताना एका कागदावर सही मागतील, "आमची कोणतीही तक्रार नाही, यापुढे दावा करणार नाही" असं लिहिलेल्या. तो कागद जागेवर सही करू नका. त्याची प्रत किंवा फोटो घ्या आणि आधी तुमच्या वकिलाला दाखवा. आईंच्या दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च आणि पुढच्या तपासण्या त्या रकमेत बसतात का, हे कागदावर मांडून बघितल्याशिवाय आकडा मान्य करू नका.